खांदा आखडला आहे. डॉक्टरांकडे न जाता थेट फिजिओथेरपिस्टकडे जावे का?

प्रश्न: उंबरठा

माझे वय ५२ आहे आणि काम दिवसभर बसून करण्याचे आहे. साधारण चार महिन्यांपूर्वी उजवा खांदा दुखू लागला. पडल्याचे, जड काही उचलल्याचे किंवा हिसका बसल्याचे आठवत नाही. सुरुवातीला त्या कुशीवर झोपलो की ठणका लागे आणि झोप मोडे. आता रात्रीचे दुखणे थोडे उतरले आहे, पण हालचाल कमी होत चालली आहे. पँटच्या मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही, शर्टाची बाही चढवताना डाव्या हाताची मदत घ्यावी लागते, आणि पडणारी वस्तू पकडायला हात झटकन पुढे गेला तर अशी कळ येते की दोन मिनिटे काही सुचत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी आधी डॉक्टरांकडे जाण्याची गरज नाही, थेट फिजिओथेरपिस्टकडे जावे. मला दोन शंका आहेत. आत काही गंभीर असेल आणि ते त्यांच्या लक्षातच आले नाही तर काय? आणि एमआरआय काढल्याशिवाय गेलो, तर ते उपचार कशाच्या आधारावर करणार? शंका येण्याचे कारणही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझी पत्नी कंबरदुखीसाठी एके ठिकाणी गेली होती. तिथे तिला कोणी हातही न लावता, काही न विचारता, दहा दिवस रोज वीस मिनिटे यंत्राखाली झोपवण्यात आले. अकराव्या दिवशी कंबर होती तशीच होती.

प्रतिसाद: चालता बोलता

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे माझे उत्तर एका बाजूला थोडे झुकलेले असणार हे गृहीत धरूनच ते वाचावे. तुमच्या वर्णनावरून थेट जाण्यात मला काहीही गैर दिसत नाही. मात्र समोरचा माणूस यंत्र लावण्याआधी तुम्हाला तपासतो की नाही, यावर सगळे अवलंबून आहे, आणि तुमच्या पत्नीच्या बाबतीत नेमकी तिथेच चूक झालेली दिसते. त्यांच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी असती, तरी त्या दहा दिवसांत काही निराळे घडले असते असे मला वाटत नाही.

‘आधी डॉक्टर, मग त्यांची चिठ्ठी, मग फिजिओथेरपी’ हा क्रम लोकांच्या मनात इतका पक्का बसण्यामागे इतिहास आहे. ब्रिटनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची एक संस्था स्थापन केली. तिथल्या फिजिओथेरपिस्टांची आजची व्यावसायिक संघटना तिच्यातूनच उभी राहिली. त्या काळी मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालत असल्याने हे कामच बदनाम झाले होते, म्हणून आपली पत राखण्यासाठी या स्त्रियांनी डॉक्टरांच्या सूचनेखेरीज कोणावरही उपचार करायचे नाहीत, असा नियम स्वतःवर घालून घेतला. ते कारण केव्हाच संपले, सवय मात्र उरली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने चिठ्ठीची अट १९५७ मध्येच काढली आणि ऑस्ट्रेलियात फिजिओथेरपिस्ट १९७६ पासून रुग्णांना थेट पाहू लागले, पण अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत या ना त्या स्वरूपात ही मुभा मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. आजही काही देशांत आणि पुष्कळ विमा योजनांत चिठ्ठी लागते, तेव्हा तेवढे आधी विचारून घ्यावे.

आता पहिल्या भेटीत काय व्हायला हवे, ते तुमच्याच खांद्याच्या संदर्भात सांगतो. आधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले जायला हवेत: दुखणे केव्हा आणि कसे सुरू झाले, कशाने वाढते, कशाने थांबते, रात्री झोप मोडते का, दुसरे आजार कोणते, औषधे कोणती चालू आहेत, वजन विनाकारण उतरले आहे का. त्यानंतर दोन्ही खांदे उघडे ठेवून एकमेकांशी ताडून पाहिले जातात, कारण तुमचा डावा खांदा हाच तुमच्यासाठी सर्वांत चांगला मापदंड आहे. पुढे मानेची हालचाल, हाताच्या स्नायूंची ताकद, बोटांची संवेदना, आणि मग मुख्य गोष्ट: तुम्ही स्वतः हात उचलता तेव्हा तो कुठे अडतो हे पाहिल्यावर तपासणारा तुम्हाला हात सैल सोडायला सांगतो आणि स्वतः तो उचलून पाहतो. स्वतःहून उठत नाही, पण दुसऱ्याने उचलला की वर जातो, तेव्हा दोष बहुधा स्नायूत, कंडरेत (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) किंवा नसेत असतो. दोन्ही वेळा हात एकाच ठिकाणी अडत असेल, तर सांधाच आखडलेला आहे असे समजावे. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवायचे आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा, ही साधी कृती तुम्ही आत्ता आरशासमोर करून पाहू शकता. ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, त्यात बहुतेक वेळा ही हालचाल सर्वांत जास्त जाते. तुमचे वय, पडल्याचा किंवा माराचा अभाव आणि आधी ठणका, मग आखडणे हा क्रम त्याच दिशेने बोट दाखवतो. अर्थात न पाहता केलेला हा अंदाज आहे, निदान नव्हे.

गंभीर काही सुटेल का, ही भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर प्रशिक्षणात दडलेले आहे. स्नायू-सांध्यांचे दुखणे सहसा हालचालीप्रमाणे बदलते. अमुक केले की वाढते, तमुक स्थितीत पडून राहिले की उतरते. जे दुखणे कशानेच बदलत नाही, विश्रांतीतही तितकेच राहते, मध्यरात्री उठवते आणि कोणत्याही कुशीवर सुटत नाही, ते पाहिले की आम्ही थांबतो. पूर्वी कर्करोग झालेला असणे, ताप, विनाकारण वजन घटणे, दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले असणे आणि नंतर अचानक पाठ दुखणे, हाता-पायातली ताकद दिवसागणिक कमी होणे, यांपैकी काही आढळले तर उपचार सुरू न करता डॉक्टरांकडे पाठवणे हेच आमचे काम आहे. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या आतल्या बाजूला व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर फिजिओथेरपिस्ट नको आणि उद्याची वेळही नको. त्याच तासाला रुग्णालय गाठावे, कारण तिथे मज्जारज्जूच्या खालच्या टोकाकडच्या नसांचा जुडगा दाबला जात असू शकतो आणि उशिराने केलेल्या शस्त्रक्रियेने गेलेली शक्ती परत येईलच असे नसते.

प्रतिसाद: अर्धविराम

वरच्या प्रतिसादाला एक दुसरी बाजू जोडतो, कारण माझ्या बाबतीत थेट जाणे अंगाशी येता येता राहिले. लांबच्या प्रवासानंतर डाव्या पायाची पोटरी दुखू लागली. स्नायू ताणला असेल असे समजून मी जवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनीही तसेच मानले, शेक दिला आणि दोन दिवस पोटरी चोळून दिली. तिसऱ्या दिवशी तिथे त्यांच्या जागी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी चोळण्याआधी टेप काढून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, डावी तीन सेंटिमीटरहून जास्त भरली, आणि त्यांनी पायाला पुन्हा हात न लावता मला तिथूनच रुग्णालयात पाठवले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झाले असते, हे मला नंतर समजले.

दोघांचीही पदवी एकच होती. फरक फक्त टेपचा होता.

प्रतिसाद: सावकाश

मी गेली बावीस वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करीत आहे. थेट फिजिओथेरपिस्टकडे जाण्याला माझा विरोध नाही. उलट साध्या लचकेसाठी आणि कंबर धरण्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळ लोकांना मी वेदनाशामक गोळी आणि हालचाल चालू ठेवण्याचा सल्ला यापलीकडे काही देत नाही, आणि ते काम फिजिओथेरपिस्ट माझ्याहून अधिक वेळ देऊन, अधिक चांगले करतात. तरीही खांद्याच्या बाबतीत काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे वाटते.

खांद्यात दुखते म्हणजे दोष खांद्यातच असतो असे नाही. जिना चढताना किंवा भरभर चालताना डावा खांदा वा हात भरून येत असेल आणि थांबल्यावर उतरत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. उजव्या खांद्यात पित्ताशयाचे दुखणे उमटते. फुप्फुसाच्या वरच्या टोकाला झालेली गाठदेखील कधी कधी प्रथम खांद्यातून बोलते. या सर्वांत एक समान खूण अशी की हात फिरवला, दाबला, उचलला तरी दुखणे बदलत नाही, आणि हे वर आलेच आहे. वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाचे दोन्ही खांदे एकाच सुमारास दुखू लागले, सकाळी तास-तासभर अंग जखडलेले राहिले, तर रक्ताची तपासणी आधी करावी. त्यासोबत कानशिलाजवळ डोके दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण त्या आजारात दृष्टी कायमची जाऊ शकते. एखादा सांधा गरम, लाल, सुजलेला असून अंगात ताप असेल, तर सांध्यात पू झाल्याची शंका घ्यावी लागते. तिथे व्यायामाचे काही काम नाही.

प्रश्नकर्त्यांना आणखी एक विचारायचे आहे: रक्तातील साखर शेवटची केव्हा तपासली होती? मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट जास्त असते, आणि थायरॉइडच्या विकारांतही ते वाढलेले दिसते. खांद्याच्या तक्रारीवरून मधुमेह प्रथमच उघडकीस आल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

प्रतिसाद: पायवाट

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. वयाच्या २७ व्या वर्षी कंबर दुखत होती आणि मी थेट फिजिओथेरपिस्टकडे गेलो होतो. त्यांनी अर्धा तास तपासले आणि विचारले की पडून राहिल्याने बरे वाटते की चालल्याने. मी म्हणालो, चालल्याने. सकाळी उठल्यावर पाऊण तास वाकताच येत नाही, आणि पहाटे दुखण्याने जाग येते. त्यांनी व्यायाम न देता संधिवाततज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, आणि पुढे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे, म्हणजे मणक्यांना सूज आणणाऱ्या एका संधिवाताचे, निदान झाले. त्याआधी दोन वर्षे मी ‘बसण्याची पद्धत सुधारा’ एवढेच ऐकत आलो होतो. चिठ्ठी डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टकडे जाते असे आपण समजतो. माझी उलट्या दिशेने गेली.

उंबरठा

सर्वांचे आभार. आरशासमोर ती कृती करून पाहिली. डावा पंजा बराच बाहेर जातो. उजवा जवळजवळ सरळ समोरच राहतो. साखर तीन-चार वर्षांत तपासलेली नाही. एमआरआयचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे.

चालता बोलता

तो राहून गेला, खरे आहे. एमआरआय आतले चित्र दाखवतो, पण त्यातली कोणती गोष्ट दुखते आहे हे तो सांगत नाही. मणक्यांच्या बाबतीत याचा चांगला अभ्यास झालेला आहे. ज्यांना पाठीचे काहीच दुखणे नाही, अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र मांडण्यात आले, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसली. त्यांतल्या कोणाचीही कंबर दुखत नव्हती. खांद्याच्या कंडरांतही वयानुसार चिरा पडतात आणि कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हातात अहवाल घेऊन आलेल्या माणसाला समजावण्यात कधी कधी उपचारापेक्षा अधिक वेळ जातो. ‘माझी गादी सरकली आहे’ हे वाक्य एकदा मनात बसले की तो वाकायलाच घाबरतो, आणि न वाकल्याने कंबर आणखी धरते.

तपासणी केव्हा हवी याचेही नियम ठरलेले आहेत. मुरगळलेल्या घोट्याचे उदाहरण घ्या. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेल्या नियमांनुसार घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरच्या भागात किंवा टोकाशी, दाबल्यावर हाड दुखत नसेल, पावलाच्या ठरावीक दोन ठिकाणीही दुखत नसेल, आणि दुखापत झाल्या झाल्या व तपासणीच्या वेळी माणूस लंगडत का होईना चार पावले टाकू शकत असेल, तर एक्स-रे काढण्याची गरज सहसा नसते. हाताच्या बोटांनी केलेल्या तपासणीवर इतका विसंबणारा नियम आणि तो इतका खात्रीचा, याचे मला अजूनही कौतुक वाटते. आखडलेल्या खांद्यासाठी एमआरआय सहसा लागत नाही. साधा एक्स-रे मात्र उपयोगी पडतो, कारण सांध्याची झीज किंवा जुना निखळलेला सांधा हेही हुबेहूब असेच आखडू शकतात. साखरेविषयी डॉक्टरांनी लिहिले आहे ते आधी करावे.

उंबरठा (सहा आठवड्यांनंतर)

काय घडले ते कळवणे मला आवश्यक वाटते. मी थेट एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. पाऊण तास तपासणी झाली, यंत्र एकदाही लावले गेले नाही. फ्रोझन शोल्डर असावा असे सांगून त्यांनी मला एक्स-रे आणि रक्ततपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवले. एक्स-रे ठीक आहे. साखर ठीक नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा ८.१ आला आणि औषध सुरू झाले आहे. मी दाखवायला गेलो खांदा आणि हाती आला मधुमेह, याची घरात अजून चेष्टा चालते.

सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेण्याचाही विषय निघाला होता. दोघांनीही आपापल्या बाजूने समजावले: त्याने दुखणे लवकर उतरते, पण साखर काही दिवस वाढते, म्हणून ती आधी आटोक्यात आणावी. एका ओळखीच्या माणसाने भूल देऊन खांदा मोकळा करून घ्यावा असे सुचवले, तेव्हा मी फिजिओथेरपिस्टना विचारले. त्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचा दाखला दिला, ज्यात ५०३ रुग्णांना तीन गटांत विभागले होते: इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणे, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा वर्षअखेरीस तिन्ही गटांत रुग्णाला जाणवेल इतका फरक राहिलेला नव्हता. मी थांबायचे ठरवले आहे. व्यायाम दिवसातून तीन वेळा करतो. दुखणे कमी आहे, पण हालचाल वाढते आहे की तसे मलाच वाटते आहे, हे कळत नाही. हे मोजायचे कसे?

सावकाश

आकडा वेळेत कळला हे फार चांगले झाले. मधुमेहींत खांदा मोकळा व्हायला अनेकदा इतरांहून अधिक काळ लागतो, तेव्हा फिजिओथेरपिस्टनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा महिना-दोन महिने जास्त धरून चालावे. डोळ्यांची आणि पायांची तपासणीही आता दरवर्षी करावी लागेल. ते खांद्याच्या नादात राहून जाऊ देऊ नये.

चालता बोलता

रोज मोजू नये. रोजचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि निराशा येते. दर पंधरा दिवसांनी, सकाळच्या व्यायामानंतर, हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर चढतो ते घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगावे: नितंब, कंबरेचा पट्टा, की त्याच्या वरचा मणका. दुसरे माप भिंतीवर घ्यावे. भिंतीकडे तोंड करून उभे राहावे, बोटे वर सरकवत न्यावीत आणि जिथे थांबतील तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. टाचा उचलून उंची मिळवायची नाही, पुष्कळ जण नकळत तसे करतात. पंजा बाहेर फिरवण्याची हालचाल मात्र बहुधा सगळ्यात उशिरा परत येते, म्हणून ती पहिले दोन महिने मोजलीच नाही तरी चालेल.